जाळे किती मोठे असावे?



शुभवर्तमानात जाळ्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. प्रभूने ज्यांना पहिल्यांदा हाक मारली ते कोळी होते. रात्रभर राबून हाती काही न लागल्याची निराशा त्यांना माहीत होती, आणि जाळी फाटू लागतील एवढा मासा मिळाल्याचा आनंदही माहीत होता. आपण मराठवाड्यातली माणसे या गोष्टी ऐकतो त्या जरा लांबूनच. आपल्या वाट्याला समुद्र नाही. औशाच्या बाजूला समुद्र येतो तो सुकट, जवळा आणि सुक्या बोंबलाच्या रूपाने. ताजा मासा मिळाला तर तो बहुधा तलावातला रोहू किंवा कटला असतो. म्हणून खोल समुद्रातली मासेमारी कशी चालावी हा प्रश्न आपला नव्हे, असे वाटणे साहजिक आहे.

पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो थेट आपल्या अंगणातला आहे. जे कोणी पेरले नाही, ज्याला कोणी खतपाणी घातले नाही, ज्याच्यावर कोणाच्या नावाचा सातबारा नाही, ते आपण किती घ्यावे? आणि हात आखडण्याची वेळ आलीच, तर आधी कोणी आखडावा? समुद्रातल्या माशाला हा प्रश्न लागू आहे, तसाच तो आपल्या पायाखालच्या पाण्यालाही लागू आहे. या रविवारी आपण आधी समुद्राकडे पाहू आणि मग घराकडे येऊ.

समुद्रात काय घडले?

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा आहे, असे आपण शाळेत शिकलो. उत्तरेला पालघर जिल्ह्यातल्या झाई-सातपाटीपासून वसई, उत्तन, वर्सोवा, रायगड, रत्नागिरी करीत थेट सिंधुदुर्गापर्यंत कोळीवाडे पसरले आहेत. त्यांतल्या वसई आणि उत्तनच्या बाजूला आपल्या ख्रिस्तसभेची कोळी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगत आली आहेत. एके काळी शिडाच्या होडीने, वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या हिशेबाने जेवढे जाता येईल तेवढेच कोळी जात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटत. मासा वाचवण्यासाठी म्हणून ते थांबत नसत. वादळाच्या भीतीने थांबत. पण पुष्कळ माशांचा विणीचा काळ त्याच सुमारास असतो. भीतीमुळे का होईना, समुद्राला विसावा मिळत होता.

मग इंजिन आले, नायलॉनची जाळी आली, बर्फ आला, ट्रॉलर आला. ट्रॉलर म्हणजे तळावरून मोठी पिशवी ओढत नेणारी बोट. त्या पिशवीत हवा तो मासा येतो, नको तोही येतो, आणि बोटभर लांबीची पिल्लेही येतात. पुढे पर्ससीन जाळे आले. ते माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळले जाते. अलीकडे काही जण रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे सोडून मासे प्रकाशाकडे गोळा करू लागले. यातले प्रत्येक साधन माणसाच्या हुशारीचे फळ आहे. त्या हुशारीत पाप नाही. पण या साधनांनी एक गोष्ट बदलली. पूर्वी माणसाच्या हाताला समुद्रच मर्यादा घालीत असे. आता ती मर्यादा माणसाला स्वतः घालून घ्यावी लागते.

कायदे झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनचा हंगाम चार महिन्यांवर आणला आणि परवान्यांची संख्या हळूहळू १८२ पर्यंत उतरवायचे ठरवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२३ मध्ये पापलेट हा राज्याचा मासा ठरला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवण्यात आली. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम झाला. केरळने हे पाऊल २०१५ मध्येच टाकले होते.

तरीही २०१९ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मोजले तेव्हा महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली होती. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळे आली आणि बोटींचे दिवस वाया गेले, हेही खरे. पण ज्याची गंगाजळी भक्कम असते त्याला एक वाईट वर्ष एवढे हलवत नाही. कोळीवाड्यातले वृद्ध सांगतात की पापलेट पूर्वीसारखे मिळत नाही आणि मिळते ते लहान असते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. दुष्काळात पेरणीचे बी दळून खाल्ले की त्या दिवसाची चूल पेटते, पण मृगाचा पाऊस आल्यावर मूठ रिकामी असते. पापलेटची पिल्ले पकडणे म्हणजे बी दळून खाणेच होय.

भरलेले जाळे काय सांगते?

येथे कोणी म्हणेल, 'जाळे अजून भरून येते ना? मग काळजी कशाला?' या प्रश्नाला कॅनडाच्या किनाऱ्याने फार महागात उत्तर दिले आहे. न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा सुमारे पाचशे वर्षे युरोपला खाऊ घालीत होता. मोठी कारखान्यासारखी जहाजे आली आणि १९६८ मध्ये एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास कॉड पकडला गेला. नंतर सरकारने परदेशी जहाजांना दूर ठेवले, शास्त्रज्ञांनी हिशेब मांडले, परवाने दिले. पण हिशेबात मासा होता त्यापेक्षा जास्त धरला गेला. कारण असे की मासा कमी झाला तरी उरलेला मासा एकत्र थव्याने राहतो, आणि यंत्रे तो थवा अचूक शोधून काढतात. त्यामुळे शेवटपर्यंत जाळी भरून येत राहिली. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचे काम एका दिवसात गेले. 'दोन वर्षांसाठी' म्हणून घातलेली ती बंदी ३२ वर्षे चालली. २०२४ मध्ये ती उठली तीही अगदी थोड्या माशांपुरती.

भरलेले जाळे म्हणजे भरलेला समुद्र नव्हे. आपल्याकडचा बोअरही असेच करतो. पाणी खाली खाली जात असते, पण पाइपमधून धार तशीच येते. मग एके दिवशी पंप हवा ओढू लागतो. धारेकडे पाहून कोणालाही शेवट कळत नाही. शेवट कळायचा तर आधी मोजावे लागते, आणि मोजल्यावर जे दिसेल ते मान्य करावे लागते. या दोन्हींतले दुसरे काम जास्त कठीण.

खोलीचा हिशेब वेगळा असतो

किनाऱ्याजवळ मासा कमी झाला म्हणून जगभर बोटी खोल पाण्यात गेल्या. तिथे काय झाले ते एका माशाच्या कथेवरून समजते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाजवळ कित्येक शे मीटर खोल, थंड, काळोख्या पाण्यात एक नारिंगी मासा राहतो. इंग्रजीत त्याचे जुने नाव 'शेंबड्या डोक्याचा' अशा अर्थाचे होते. त्या नावाचा मासा कोण विकत घेणार? व्यापाऱ्यांनी त्याला 'ऑरेंज रफी' असे गोंडस नाव दिले आणि १९८० च्या दशकात तो दूरदूरच्या बाजारांत विकला जाऊ लागला. तो भराभर पकडला गेला. त्याच्या आयुष्याचा हिशेब नंतर लागला. हा मासा वयात यायलाच वीस-तीस वर्षे किंवा त्याहून जास्त घेतो आणि शंभर वर्षांहून अधिक जगतो. ताटात आलेला तो मासा जेवणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचा असू शकत होता. पुष्कळ ठिकाणी त्याचे साठे काही वर्षांतच ढासळले.

खोल पाण्यातले पुष्कळसे जीवन असेच संथ असते. थंडी, काळोख आणि अन्नाची टंचाई यांमुळे तिथे वाढ हळू होते. म्हणून युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्या पाण्यात ८०० मीटरच्या खाली तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना बंदी केली. याचा अर्थ दूर समुद्रात जाणेच वाईट असा नाही. तिथल्या वरच्या पाण्यात फिरणारा कुप्पा, म्हणजे ट्यूना, याच्या काही जाती लवकर वाढतात. आपल्या देशाच्या लक्षद्वीप बेटांवरचे कोळी असा ट्यूना बांबूच्या गळाने एकेक करून पकडतात. एक गळ, एक मासा. त्यात पिल्लांचा नाश नाही आणि तळाची नासाडीही नाही. तेव्हा प्रश्न केवळ किती दूर गेलो याचा नाही. जे घेतले ते पुन्हा भरून यायला किती वर्षे लागतील, आणि आपण ते किती दिवसांत उपसतो, हा खरा प्रश्न आहे.

हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे लातूर जिल्हा आला नाही तरच नवल. आडाचे पाणी एका चांगल्या पावसाने भरते. पण काळ्या कातळाखाली सातशे-आठशे फुटांवर मिळालेले पाणी एका पावसाने भरत नाही. ते पाणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुरलेले असू शकते. राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरला, म्हणजे सुमारे २०० फुटांना, खोल विहिरीची रेषा आखली ती उगाच नव्हे. ती रेषा आपण कितीदा ओलांडली हे सांगायला शास्त्रज्ञ नको. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी घागरींच्या रांगा पाहिल्या आहेत. खोल समुद्रातला ट्रॉलर आणि खोल जमिनीतला बोअर ही भावंडे आहेत. दोघेही पूर्वजांच्या काळी साठलेले काढतात आणि नातवंडांच्या खात्यावर लिहितात.

'मी सोडले तर दुसरा नेईल'

सगळे कळते, तरी माणूस थांबत का नाही? त्याला नुसते लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. सातपाटीचा नाखवा म्हणेल, 'मी लहान पापलेट सोडले तर मागून येणारा ट्रॉलर ते उचलेल. मासा वाचणार नाही, फक्त माझा हप्ता थकेल.' आपला शेतकरी म्हणेल, 'मी बोअर खोल नेला नाही तर शेजारी नेईल, आणि माझ्या वावराखालचे पाणीही त्याच्याकडे जाईल.' हे बोलणे खोटे नाही. एकट्याचा संयम अनेकदा खरोखर व्यर्थ जातो. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हाच विचार मांडला. जे सर्वांचे असते त्याचा नाश ठरलेला असतो, असे त्याचे म्हणणे. मग त्यावर उपाय दोनच दिसतात. एक तर ते कोणाच्या तरी मालकीचे करा, नाही तर सरकारने काठी घेऊन उभे राहा.

याला वेगळे उत्तर देणारी बाई होती एलिनॉर ऑस्ट्रॉम. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या अभ्यासाची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या जमिनीखालच्या पाण्यापासून झाली होती, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे तिने अनेक देशांतली कुरणे, कालवे, जंगले आणि कोळ्यांची गावे अभ्यासली. तिला असे दिसले की माणसे एकमेकांना ओळखत असतील, नियम त्यांनी स्वतः केले असतील, कोण किती घेतो हे सर्वांना दिसत असेल आणि मोडणाऱ्याला लहानशी का होईना शिक्षा होत असेल, तर सर्वांची म्हणून असलेली वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकते.

यासाठी कॅलिफोर्नियाला जायचीही गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे दुष्काळी गाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९९० नंतर त्या गावाने ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे गावाने बसून ठरवायचे. घरच्या बाईने महिन्याचे रेशन मोजून डबे भरावेत तसा हा पाण्याचा ताळेबंद. समुद्रात ज्याला माशांचा वाटा ठरवून देणे म्हणतात ते याहून वेगळे नाही.

म्हणून 'मी सोडले तर दुसरा नेईल' या वाक्यातून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक म्हणतो, 'तर मग मीच नेतो.' दुसरा म्हणतो, 'तर मग त्या दुसऱ्याशी बोलले पाहिजे.' नीतीच्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे. एकट्याचा संयम अपुरा पडतो म्हणून आपले कर्तव्य संपत नाही, उलट ते वाढते. आता केवळ स्वतः थांबणे पुरत नाही. शेजाऱ्यांना एकत्र आणून नियम करण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. ज्याने ग्रामसभेत कधी तोंड उघडले नाही त्याला 'सगळेच करतात' असे म्हणण्याचा अधिकार अर्धाच उरतो.

आधी कोणी थांबावे?

आता सर्वांत अवघड प्रश्न. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे तो न्याय्य झाला का? ६१ दिवस समुद्र बंद राहिला, तर चार बोटींच्या मालकाला ती विश्रांती आहे. त्याच्या बोटीवरच्या खलाशाला ती उपासमार असू शकते. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या कोळणीलाही तसेच. दोघांना एकच ओझे दिले तरी दोघांचे खांदे सारखे नसतात. म्हणूनच बंदीच्या काळात बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट असते, आणि गरीब मच्छीमारांसाठी बचत व मदतीची योजना असते. ही सूट आणि मदत म्हणजे उपकार नव्हेत. ज्याच्याकडून उद्यासाठी आजचा घास मागायचा, त्याच्या आजच्या घासाची सोय करणे हा त्या मागण्याचाच एक भाग आहे.

या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेतल्या एका धर्मगुरूची आठवण ठेवली पाहिजे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीचे नवे धोरण आणले आणि परदेशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना परवाने मिळू लागले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी देशभर विरोध केला. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व केरळचे रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरू आणि वकील फादर थॉमस कोचेरी करीत होते. १९९५ मध्ये त्यांनी पोरबंदरला उपोषण केले. त्यानंतर सरकारने पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९९६ मध्ये ते परवाने रद्द करावेत असे सुचवले आणि १९९७ मध्ये सरकारने समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. फादर कोचेरी २०१४ मध्ये प्रभूघरी गेले. त्या लढ्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती कोळी खांद्याला खांदा लावून उभे होते, कारण समुद्र कोणाची जात किंवा धर्म विचारत नाही.

गोष्ट तिथे संपली नाही. मोठ्या जहाजांचा प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम जाहीर केले. त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, यांत्रिक व मोठ्या बोटींना प्रवेशपत्राची अट आहे, परदेशी जहाजांना मज्जाव आहे आणि एलईडी दिवे व जोडीने ओढायची जाळी यांवर बंदी आहे. कागदावर हा क्रम योग्य आहे. पण नियम पाळला जातो की नाही हे बंदरावर ठरते. समुद्रात मैलोन् मैल पाणी असते आणि गस्तीच्या बोटी मोजक्या असतात. तिथे शेवटचा पहारेकरी तांडेलाची सदसद्विवेकबुद्धी हीच असते.

यातून आपल्याला एक साधे सूत्र काढता येईल. ज्याचे जाळे मोठे, त्याने आधी थांबावे. ज्याचा बोअर खोल, त्याने आधी पंप बंद करावा. घेण्याची ताकद जितकी जास्त, तितके थांबण्याचे कर्तव्य जास्त. आणि गरज व हाव यांत फरक करावा. घरात प्यायला थेंब नाही म्हणून एखाद्या विधवेने बोअर आणखी खाली नेला, तर तिच्याकडे बोट दाखवणारा माणूस आधी स्वतःच्या उसाकडे पाहू दे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी शिकवले आहे की वस्तूंची मालकी एकेकाची असू शकते, पण त्यांचा उपयोग सर्वांच्या गरजेला खुला असला पाहिजे. अत्यंत गरजेच्या वेळी तर सर्व काही सर्वांचे होते. जे मुळातच कोणाच्या मालकीचे नाही, त्या मासोळीच्या आणि पाण्याच्या बाबतीत हे किती अधिक खरे असेल!

पवित्र शास्त्राची लहानशी आज्ञा

कोणी श्रद्धाळू माणूस म्हणेल, 'प्रभूने तर उद्याची चिंता करू नका असे सांगितले आहे. देणारा देव आहे, तो कमी कसे पडू देईल?' प्रभूचे ते सांगणे भीतीने साठा करणाऱ्यांसाठी आहे. उधळणाऱ्यांना त्यात परवानगी नाही. पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंना पुरवणाऱ्या प्रभूनेच जेवण झाल्यावर शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्याला पाहिजे तेवढे निर्माण करता येते तोच तुकडे वेचायला सांगतो, यावर जरा विचार करावा. जाळ्यात आलेले नको ते मासे मेलेले पुन्हा समुद्रात फेकून देणारी बोट या कृतीपासून फार दूर आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधल्या आपल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीचा आणि अशा नासाडीचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

जुन्या करारात अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्ले घेतलीस तरी आईला सोडून दे, असे तिथे सांगितले आहे. ही आज्ञा घेऊ नको असे म्हणत नाही. भुकेल्याला ती उपाशी ठेवत नाही. ती फक्त एवढेच सांगते की घेताना पुढे येणाऱ्याचा झरा बंद करू नको. विणीच्या काळात समुद्र बंद ठेवण्यामागे हीच नीती आहे. आणि लेवीयच्या २५ व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ द्यायला सांगितले आहे. जमिनीलाही विसाव्याचा हक्क आहे, कारण ती आपली नाही, देवाची आहे. आपण तिच्यावर पाहुणे आहोत. पाहुण्याने ताटात वाढलेले पोटभर जेवावे, पण जाताना घरातली कणगी उचलून नेऊ नये.

आपण काय करावे?

औशात बसून आपण ट्रॉलर थांबवू शकत नाही. पण अगदीच काही करू शकत नाही असेही नाही. मुंबई-पुण्याला गेल्यावर किंवा सणावाराला पापलेट घेताना तळहाताहून लहान मासा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर त्याला जाळ्यात ओढण्याचे कारणही कमी होईल. आपल्या तलावांत मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांत जे सभासद आहेत, त्यांनी जाळ्याचा आस, म्हणजे डोळा, किती मोठा असावा हा विषय बैठकीत काढावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या गावात, आपल्या वस्तीवर पाणी मोजायला सुरुवात व्हावी. किती बोअर, किती खोल, उन्हाळ्यात पाणी कुठवर गेले, याची साधी वही ठेवायला पैसे लागत नाहीत. शाळेतली मुलेही ते करू शकतात. मोजल्याशिवाय बोलणे होत नाही आणि बोलल्याशिवाय नियम होत नाही.

हे सारे आपण कोणासाठी करायचे? कोळीवाड्यातल्या नाखव्याचा हप्ता खरा आहे, आपल्या शेतकऱ्याचे कर्ज खरे आहे. त्यांच्या तुलनेत अजून जन्माला न आलेले मूल फार अंधुक दिसते. त्याला मत नाही, त्याची संघटना नाही, ते ग्रामसभेत येऊन बसत नाही. म्हणूनच त्याचा वाटा सर्वांत आधी खाल्ला जातो. लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा आपण त्या मुलाच्या जागी उभे होतो. आपल्या आधीच्यांनी जे उपसले त्याचे बिल आपल्या हातात आले होते. ते ज्याने हातात घेतले आहे, त्याला पुढच्यासाठी काय ठेवायचे हे शिकवावे लागू नये.

योहानच्या शुभवर्तमानात शेवटच्या मासेमारीचे वर्णन आहे. जाळ्यात १५३ मोठे मासे आले आणि तरीही जाळे फाटले नाही, असे योहान मुद्दाम लिहितो. किती मिळाले हे त्याने मोजून सांगितले, आणि काय शाबूत राहिले हेही सांगितले. घेण्याचा हिशेब पूर्ण व्हायला या दोन्ही गोष्टी लागतात. समुद्राचा असो, विहिरीचा असो, हा दुसरा आकडा लिहायची सवय आपल्याला लागो, हीच प्रार्थना.